घागरीपुरती वाट

चैत्र लागला की नारायणगावच्या आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला घरघर सुरू होते. नळाला पाणी यायची ती वेळ. एका घरात मोटर लागली की शेजारच्या घरात लागते, मग पलीकडच्या, आणि पाच मिनिटांत अख्खी गल्ली गुरगुरायला लागते. नळाला मोटर लावू नका असं रिक्षावर भोंगा लावून सांगून झालंय. आमच्याही घरी आहे मोटर, बादलीखाली झाकून ठेवलेली. नातवाला मी बोलले, तर तो म्हणाला, "आजी, सगळे लावतात. आपण नाही लावली तर आपल्याला थेंबही नाही मिळायचा." आता ह्यात खोटं काय आहे, तुम्हीच सांगा. गल्लीच्या टोकाला एक म्हातारं जोडपं भाड्यानं राहतं, त्यांच्या नळाला नुसती हवा येते. नातसुनेला वाटतं मोटरीच्या आवाजानं माझं डोकं दुखतं. दुखू दे म्हणते मी. आवाजानं दुखत नाही एवढंच.

मला आठवतो तो नारूचा उन्हाळा. नारू म्हणजे काय हे आताच्या पोरांना ठाऊक नाही आणि नाही तेच बरं. पाण्यातून पोटात जायचा, वर्षभर अंगात गुपचूप वाढायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात पायाला फोड येऊन त्यातून डोकं बाहेर काढायचा. सुतासारखा पांढरा, हात-दीड हात लांब. तो ओढायचा नसे. काडीला गुंडाळून रोज बोटभर फिरवायचा, महिना महिना. मध्येच तुटला की पाय सुजायचा, पू धरायचा, गुडघा आखडून माणूस जन्माचं लंगडं व्हायचं. चैत्र-वैशाखात आमच्या गावात दर दोन घरं सोडून कुणीतरी ओट्यावर पाय पसरून बसलेलं असे, पिंडरीला काडी बांधून. शेतं नांगरायची तशीच पडून राहात. लोक म्हणत, ह्या पाण्याचा गुणच असा. इतक्या सहज म्हणत की मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

गाव आमचं पिंपळवंडीपासून दीड कोसावर. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. गावाला एकच बारव, काळ्या दगडाची, खाली उतरायला पायऱ्या. वर ऊन मी म्हणत असायचं आणि खाली गेलं की अंगावर गार काटा यायचा. शेवटच्या पायरीच्या पुढे गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, पदरानं पाणी हलवायचं, घागर आडवी करायची. बुडबुड आवाज करत ती भरायची. खोटं कशाला बोलू, सासरी आल्यावर मला सुखाची म्हणून एवढीच एक जागा होती. तिथं सासू नव्हती, चूल नव्हती, आणि पाय पाण्यात होते.

वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बायकांना मात्र ह्या पायऱ्या बंद होत्या. त्या वर काठावर मडकी ठेवून बसायच्या, कुणाला दया आली तर त्यांच्या मडक्यात घागर रिती व्हायची. नारू त्यांनाही होई. त्यांचा पाय त्या पाण्याला कधी लागला नव्हता, पण आमच्या पायांचं पाणी त्यांच्या पोटात जात होतं. हे तेव्हा मला सुचलं नाही. कुणालाच सुचत नव्हतं.

आणि लग्नसराईला जुन्नरहून अमीनाचाची यायची. बांगडीवाली. दोन्ही खांद्यांवर बांगड्यांच्या माळा, डोक्यावर टोपली, आणि चालणं असं झपाझप की काचेचा आवाज आधी वेशीत शिरायचा आणि चाची मागून. नवरा लवकर गेलेला, दोन मुली लग्नाच्या. बाई पायी वीसएक गावं करायची. आमच्या ओट्यावर टेकली की आधी पायांचे तळवे चोळायची आणि म्हणायची, तुम्हा लोकांना जमिनी हायेत, मला हे दोन पाय हायेत. तिचा हात फार हलका होता. घट्टातली घट्ट बांगडी ती बोलता बोलता चढवायची, चढली कधी ते कळायचं नाही. माझी आई मला लहानपणीच गेली होती. चाची माझी बोटं दाबून मऊ करायची तेव्हा मला उगाच रडू यायचं, आणि ती काही न विचारता बोलत राहायची.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर लोकल बोर्डाचे डॉक्टर आले. पोरसवदा, चष्मेवाले, सायकलवर. भैरोबाच्या देवळात सभा भरली. त्यांनी बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं आणि भिंगातून एकेकाला दाखवलं. त्यात पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. नारू झालेल्याच्या पायाची आग होते. तो पाय गार पाण्यात घालतो, बरं वाटतं. पण नेमकं त्याच वेळी नारू आपली हजारो पिल्लं पाण्यात सोडतो. ती ह्या ठिपक्यांच्या पोटात जातात, ठिपके आपल्या पोटात. म्हणजे ज्यानं पाय घातला त्याचं काहीच बिघडत नाही, त्याची आग थांबते. पुढच्या साली भोगायचं ते दुसऱ्या कुणीतरी. उपाय सोपा होता. पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या, वर चार कप्प्या बसवायच्या, दोरानं पाणी शेंदायचं. कप्प्या नि चुना बोर्ड देणार, दगड आणि अंगमेहनत गावाची. तोवर पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं, आणि नारू दिसला की डॉक्टरांकडे जायचं, पाण्याकडे फिरकायचं नाही.

त्यांनी छापलेला कागद आणला होता. बायकांत सातवी पास मी एकटी. तेव्हा तो कागद बायकांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. देवळाच्या मागच्या बाजूला उभी राहून, डोक्यावरचा पदर सावरत, मी तो खणखणीत वाचला. दोनदा वाचला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं माझं ऐकत होती. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंनाही त्या दिवशी माझं कौतुक वाटलं असावं, कारण संध्याकाळी त्यांनी भाकरी स्वतः थापल्या.

सभेत विरोध कुणीच केला नाही. हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. "तुमी म्हंता ते समदं बराबर हाय," असंच सगळे म्हणाले. फक्त त्यापुढे प्रत्येकाचं एकेक होतं. एकाची म्हातारी आई, तिच्या हातांना दोर ओढवणार नव्हता. एकाच्या घरी नव्या नवरीनं बारवेत उतरून पाणी भरायची चाल होती. एकाला पोरांना पोहायला शिकवायचं होतं. एक म्हणाला, कप्पीचा दोर गावात समद्यांच्या हाताला लागणार, मग शिवाशिवीचं काय. ह्यावर माना हलल्या. शेवटचं सोडलं तर एकाचंही कारण खोटं नव्हतं. त्या म्हातारीचे हात मी पाहिले होते, खरंच वाकडे झाले होते.

मग गुरवानं विचारलं, रोज सकाळी देवाला घागर लागते, ती सोवळ्यानं उतरून भरायची, तिला गावचा दोर कसा चालंल? देवाचं नाव निघालं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. आमचे मामंजी पंच होते. माझे सासरे. माणूस सरळ, गावात शब्दाला वजन. त्यांनी तोडगा काढला. भिंत घालायची, पण एका कडेला एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट ठेवायची. देवाच्या घागरीपुरती. तिथून फक्त गुरव उतरेल. सगळ्यांना तोडगा एकदम पसंत पडला. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "वाट ठेवायची तर मग भिंत कशाला घालताय?" मामंजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "डागदरसाहेब, गाव समदं आपलंच हाय. कोन कशाला उतरंल?"

पौषात भिंत उभी राहिली. काय उत्साह तो! पहाटेपासून दगड वाहायला लोक, बायकांच्या डोक्यावर पाट्या, दुपारी सगळ्यांना मिळून पिठलं-भाकरी. आमच्या ह्यांनी चुना कालवताना हात भाजून घेतले आणि ते अभिमानानं दाखवत फिरले. नारळ फुटला, गुलाल उडाला. गावात एकी आहे, गाव पुढं जाणार, असं जो तो म्हणत होता. मनापासून म्हणत होता. आज मोटर लावणारी माणसंही वाईट नाहीत, कुणाच्या घरी मयत झालं तर रात्रभर बसतात. तीच जात माणसांची.

माघ संपेपर्यंत चारातले दोन दोर नाहीसे झाले. चोरी कशाला म्हणायची, कुणाचा बैल सुटला म्हणून नेला, उद्या आणून देतो म्हणाला. तिसरा घासून तुटला, चौथ्याचा पत्ताच नव्हता. आता नवा दोर कुणी आणायचा? गावचा दोर होता, म्हणजे गावानं. पण गाव म्हणजे कोण? ज्याच्या त्याच्या घरी आपापला दोर आला, पाणी भरून झालं की गुंडाळून घरी. ज्यांच्याकडे दोर नव्हता त्या बायकांनी एक दिवस त्या वाटेतून घागर आत घातली. आजच्या दिवस म्हणून. घराघरातलं गाळायचं फडकंही तोवर भांडी पुसायला गेलं होतं. आमच्याही.

पाडव्याच्या चार दिवस आधी माझ्या उजव्या घोट्यावर फोड आला.

मी बघताक्षणी ओळखलं. वर्षामागच्या पाण्याचा होता तो, भिंतीच्या आधीचा, त्यात माझा दोष नव्हता. डॉक्टर नारायणगावला बसत, बैलगाडी जुंपली असती तर दोन तासांचं काम. आत्याबाईंना दाखवला, तर त्यांनी आधी दार लोटलं. मामंजींनी डॉक्टरला छाती काढून सांगितलं होतं, माझ्या घरात नारू नाही म्हणून. पंचाच्या सुनेलाच निघाला हे कळलं तर लोक काय म्हणतील. त्यांनी धोत्र्याची पानं शेकून बांधली आणि म्हणाल्या, "लुगडं खाली सोडून नेस. बाहीर बोलायचं न्हाई." मी तशीच नेसायला लागले. पाणी भरायचं कामही माझ्याकडेच राहिलं, कारण सून अचानक पाण्याला जाईनाशी झाली तर त्याचाही अर्थ निघतो.

ती आग कशी असते ते सांगता यायचं नाही. घोट्याला निखारा बांधून कुणी फिरवतंय असं. भाकरी थापताना डोळ्यांतून पाणी गळायचं, मी धुराचं निमित्त करायची. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी घागर घेऊन बारवेवर गेले. दोर घरीच राहिला होता. राहिला होता म्हणजे मी ठेवला होता. आडवी होऊन त्या वाटेतून खाली उतरले आणि पाय पाण्यात सोडला.

देवा! काय ते सुख. आग क्षणात विझली. मी पायरीवर बसले, डोळे मिटले, आणि किती वेळ बसले कुणास ठाऊक. मला सगळं माहीत होतं. कागद मीच वाचला होता, दोनदा, खणखणीत. पाण्यात पाय होता आणि कागदातली वाक्यं एकेक करून डोक्यात येत होती, आणि मी पाय काढला नाही. मनात एवढंच होतं की आता निदान चूल तरी पेटवता येईल. आणि असंही होतं की एका पायानं असं किती बिघडणार.

आठ दिवस गेले मी. चौथ्या की पाचव्या दिवशी वर येताना त्या अरुंद वाटेत एक माणूस समोर आला. पौषात सगळ्यांत जास्त दगड ज्यानं वाहिले होते, तोच. पिंडरीला फडकं बांधलेलं. त्यानं माझ्या ओल्या पायांकडे पाहिलं, मी त्याच्या फडक्याकडे. मग त्यानं मान फिरवून भिंतीला अंग चिकटवलं आणि मला जायला जागा दिली. पुढे तीस वर्षं आम्ही एका गावात राहिलो, त्याच्या लेकीच्या लग्नात मी वरमाईची ओटी भरली, पण ह्याबद्दल एक अक्षर कधी बोललो नाही.

माझा नारू नीट निघाला. पाण्यानं लवकर सुटतो तो. वीस दिवसांत काडी फेकून दिली.

वैशाखात अक्षय्यतृतीया झाल्यावर चाची आली. मोठी लग्नं होती, माळांनी नुसती वाकली होती बिचारी. ऊन चढलेलं. ओट्यावर टेकून तिनं पाणी मागितलं. तिच्यासाठी आमच्याकडे वेगळा तांब्या होता, कोनाड्यात पालथा घातलेला, तो मी उतरवला. हंड्याशी वाकले तेव्हा मनात आलं, गाळावं. फडकं धुवून घ्यावं लागलं असतं, पेटीतनं जुनं धोतर काढावं लागलं असतं. आत्याबाईंनी विचारलं असतं, आजच का गाळतेस म्हणून. मी तांब्या बुडवला आणि नेऊन दिला. चाचीनं वर तोंड करून घटाघटा सगळा संपवला आणि आणखी मागितला. तुमच्या बारवेचं पाणी लई गोड, म्हणाली. मी आणखी दिला.

पुढच्या वैशाखात चाची आली नाही. गावात त्या साली नारू आदल्या सालापेक्षा जास्तच निघाले. सभा भरली, डॉक्टरांची भिंत कुचकामी ठरली असं एकमतानं ठरलं. सरकारी योजना अशाच असतात, असं मामंजीसुद्धा म्हणाले, आणि ते वाईट माणूस नव्हते. शेजारच्या काशीबाईच्या घरी दोघं पडले, गुरव स्वतः पडला, काठावर बसणाऱ्या बायकांपैकी एकीचा पाय कायमचा गेला. नवी नवरी होती त्यांच्यातली. डॉक्टरांची बदली झालेली होती. ती वाट पुढे बुजली, पण पुष्कळ वर्षांनी, नळ आल्यावर. आम्हाला शहाणपण आलं म्हणून नव्हे, तिथं जायची कुणाला गरज उरली नाही म्हणून.

चाची का आली नाही हे मी कुणाला विचारलं नाही. लग्नघरं दुसऱ्याच माणसाकडून बांगड्या भरून मोकळी झाली. मी मात्र रोज काचेचा आवाज येतो का ऐकायची. ज्येष्ठात ह्यांच्याबरोबर जुन्नरच्या बाजाराला गेले. हे बी-बियाणं बघायला गेले तेवढ्यात मी विचारत विचारत तिचं घर गाठलं. एक खोली, पुढे पडवी. चाची पडवीत भिंतीला टेकून बसली होती. डावा पाय लाकडासारखा सरळ, गुडघ्यात वाकत नव्हता. खुंटीला बांगड्यांच्या माळा तशाच लटकत होत्या आणि त्यांवर धूळ होती.

मला पाहून तिला इतका आनंद झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिनं सगळं सांगितलं, हसत हसत सांगितलं. लग्नसराई तोंडावर होती, रोज बोटभर काढत बसायला वेळ कुठला, म्हणून न्हाव्याकडून ओढून घेतला आणि आतच तुटला. दवाखान्यात महिनाभर होती. आता थोरली मुलगी लोकांची धुणी करते. धाकटीचं जमत आलं होतं, ते मोडलं. मी विचारलं, कुठल्या गावचं पाणी बाधलं असेल? ती म्हणाली, वीस गावांचं पाणी पिते मी, कुणाचं नाव घेऊ? प्यायला देणाऱ्याचं नाव घेऊ व्हय?

मग तिनं धाकटीला हाक मारून माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. त्या मुलीनं माठावर फडकं दुहेरी करून धरलं, गाळलं, पुन्हा एकदा गाळलं, आणि पेला माझ्या हातात दिला. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलंय, चाची म्हणाली, आता आल्यागेल्याला असंच देतो. प्यायले मी. संपवला सगळा पेला.

जायला उठणार तर तिनं मला खाली बसवलं. हात पुढे कर म्हणाली. खुंटीवरून हिरव्या बांगड्या काढायला लावल्या, पदरानं धूळ पुसली, माझी बोटं दाबून मऊ करायला लागली. तसाच हलका हात. चौथी बांगडी चढवताना मध्येच थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, तुला तर न्हाई ना झाला? मला लई काळजी व्हती तुजी. तुमच्या त्या बारवेत किती खोल उतरायला लागायचं."

मी उजवा पाय लुगड्याखाली घेतला.

"न्हाई चाची," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. दोन्ही डोळे मिटून, तोंड वर करून तिनं दुवा मागावी तसे हात उचलले, आणि मग पाचवी बांगडी चढवली.